गरम इंजिनावर सेल न घेणाऱ्या स्टार्टरबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व वॉरंटी विभाग

विषय : 'ट्रॅकसाठी योग्य' म्हणून विकलेला स्टार्टर गरम झाल्यावर चालत नाही, 'दोष आढळला नाही' हा तपासणी अहवाल मला मान्य नाही.

महोदय,

आपला गिअर रिडक्शन स्टार्टर (गिअरने जोर वाढवून इंजिन फिरवणारी मोटर) माझ्या रेस ट्रॅकच्या गाडीत बसवून एक सीझन झाला. थंड इंजिनावर त्याला नाव ठेवायला जागा नाही. पण वीस मिनिटांचे सेशन संपवून गाडी पिटमध्ये आणली, इंजिन बंद केले आणि दहा मिनिटांनी पुन्हा सेल मारला, की नुसता 'टक्' आवाज येतो आणि इंजिन जागचे हलत नाही. पाऊण तास बोनेट उघडे ठेवले की तोच स्टार्टर काही झालेच नाही असा चालतो. मागच्या तीन ट्रॅक-दिवसांत हे सहा वेळा झाले. एकदा रेड फ्लॅगनंतर (सेशन थांबवणारा लाल झेंडा) रांगेत इंजिन बंद करून थांबलो होतो. हिरवा झेंडा पडला, मागच्या गाड्या निघाल्या आणि माझी तिथेच. मार्शलनी ढकलून बाजूला काढली. ही नुसती गैरसोय नाही, हा धोका आहे.

आपल्या प्रतिनिधीने आधी बॅटरीला दोष दिला, मग पेट्रोलची वाफ होत असेल म्हणाले. पेट्रोलची वाफ झाली, इंजेक्टर गळला किंवा क्रँक सेन्सरने गरम होऊन दगा दिला, तर इंजिन फिरते पण पेट घेत नाही. माझे फिरतच नाही. ठिणगीचे टायमिंग पुढे असल्याने इंजिन उलटा झटका देत असेल, ही शंका मला स्वतःलाच आली होती, म्हणून ठिणगी देणाऱ्या इग्निशन कॉइलचे कनेक्टर काढून सेल मारून पाहिला. तरीही 'टक्'च.

बॅटरीचे म्हणाल तर, थंड इंजिन फिरत असताना पॉझिटिव्ह केबलवर 0.3 व्होल्ट आणि अर्थच्या बाजूला 0.15 व्होल्ट एवढाच ड्रॉप (व्होल्टेजची घट) मिळतो, म्हणजे केबल ठीक आहेत. गरम असताना चावी फिरवली की बॅटरी 12.2 वरच राहते. मोटरपर्यंत प्रवाह पोचून ती अडकली असती, तर व्होल्टेज धाडकन खाली आले असते. ते येत नाही, म्हणजे सोलेनॉइड (स्टार्टरवरचा चुंबकीय स्विच) मोटरला प्रवाह देणारा आतला मोठा कॉन्टॅक्ट जोडतच नाही.

हे सगळे लिहून मी स्टार्टर आपल्याकडे पाठवला. तो टेबलावर ठेवून, थंड असताना फिरवून, 'दोष आढळला नाही' असा शेरा मारून परत आला. माझ्या पत्रात 'गरम' हा शब्द चार वेळा होता!

मग मीच तपासणी केली. स्टार्टर शिकंज्यात धरला, बॅटरी थेट जोडली आणि सोलेनॉइडच्या धातूच्या अंगावर हीट गन धरली. 60 अंशांना पिनियन (इंजिनाच्या दात्यांत अडकणारे छोटे गिअर) उडी मारून बाहेर आला. 90 ला आला, पण जरा आळसावून. 120 ला तो अर्ध्या वाटेपर्यंत सरकला, 'टक्' झाले आणि तिथेच थरथरत राहिला. ट्रॅकवर ऐकू येतो तोच हा आवाज. 70 पर्यंत निवल्यावर पुन्हा उडी. हे तीन वेळा केले, तिन्ही वेळा तसेच झाले. चित्रफीत सोबत जोडली आहे.

कारण उघड आहे. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण 0.4 टक्क्यांनी वाढतो. 25 वरून 125 अंशांवर गेलेल्या सोलेनॉइडच्या तांब्याच्या कॉइलचा रोध 40 टक्क्यांच्या आसपास वाढला, तर प्रवाह पाऊणपटीच्याही खाली येतो आणि प्लंजरला (सोलेनॉइडमधला सरकणारा दांडा) ओढणारी ताकद त्याहून जास्त घटते. त्यातच इंजिन बंद झाले की पाणी आणि हवा फिरायची थांबते आणि एक्झॉस्टची धग शेजारच्या स्टार्टरमध्ये मुरत जाते. म्हणूनच बंद करून लगेच सेल मारला तर गाडी सुरू होते, दहा मिनिटांनी होत नाही. ट्रॅकसाठी स्टार्टर बनवणाऱ्याने एवढी उष्णता गृहीत धरायलाच हवी.

माझ्या बाजूने मी हेडर (इंजिनाला जोडलेला एक्झॉस्टचा पाइप) उष्णतारोधक पट्टीने गुंडाळला, स्टार्टरला उष्णतारोधक पत्रा लावला, सोलेनॉइडला जाड वायरने वेगळा रिले दिला. त्रास कमी झाला, गेला नाही. आपल्या माहितीपत्रकात यातल्या एकाही गोष्टीचा उल्लेख नाही, तापमानाची मर्यादाही दिलेली नाही.

माझ्या मागण्या अशा : स्टार्टर पुन्हा पाठवतो, तो 120 अंशांपर्यंत तापवून तपासावा आणि त्या तापमानाचे आकडे मला लेखी कळवावेत. दोष सिद्ध झाल्यास त्या उष्णतेत चालेल असा सोलेनॉइड बसवून द्यावा, नाहीतर पूर्ण पैसे परत करावेत. दोन्ही वेळचा पाठवणीचा खर्चही आपण सोसावा. पंधरा दिवसांत उत्तर द्यावे. नाही आले तर याच चित्रफितीसह ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन.

आपला,
एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, आपला तपासणी अहवाल, चित्रफीत