कळ कुठे सरकते ते बघ

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

एमआरआयच्या रिपोर्टमधल्या 'एल ४-एल ५ डिस्क बल्ज' या ओळीखाली तू तीन रेघा ओढून पाठवल्या आहेस. आधी त्या ओळीचीच भीती काढू. कंबरेत पाच मणके असतात, त्यातल्या चौथ्या आणि पाचव्याच्या मधली गादी थोडी फुगली आहे, एवढाच तिचा अर्थ. कधीच पाठ न दुखलेल्या लोकांचे एमआरआय तपासले तर विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांत असा फुगवटा सापडतो. म्हणून फोटोत दिसलं ते दुखण्याचं कारण असेलच असं नाही.

लोक 'गादी सरकली' म्हणतात, पण गादी सरकत नाही. ती वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. तिच्या आत जेलीसारखा गर आणि भोवती चिवट तंतूंची कडी असतात. कडी कमकुवत झाली की गर मागे रेटला जातो आणि शेजारून जाणारी नस चिडली की कळ पायात उतरते. बाहेर आलेला हा गर बरेचदा शरीरच काही महिन्यांत शोषून घेतं. मोठा तुकडा पुष्कळदा लवकर विरतो, हे ऐकायला उलटं वाटलं तरी.

आता मुख्य गोष्ट. दुखणं किती आहे यापेक्षा ते कुठवर पोचतंय याच्यावर लक्ष ठेव. १९५६ साली न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांच्याकडचा एक रुग्ण, डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर पालथा झोपून राहिला. कंबर मागे वाकलेल्या त्या स्थितीत त्याच्या पायातली कळ गेली. त्यातून पुढे जी पद्धत उभी राहिली तिचा गाभा असा: पोटरीतली कळ मांडीत, मांडीतली कुल्ल्यात, तिथून कंबरेत अशी वर येत गेली तर ते सुलक्षण, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. कळ खाली घसरत पावलाकडे निघाली तर जे करत होतीस ते थांबव.

करून असं बघ. पालथी पड, हात अंगालगत, दोन-तीन मिनिटं नुसती पडून राहा. मग कोपरांवर टेक, पुन्हा दोन-तीन मिनिटं. जमलं तर तळवे खांद्यांखाली ठेवून हातांनी छाती उचल. कंबर, नितंब आणि पाय मात्र सैल, जमिनीवरच. इथेच बहुतेकांचं चुकतं: ते नितंब आवळून पाठीच्या जोरावर उठतात. वर पोचलीस की श्वास सोड आणि पोट खाली लोंबू दे. असं दहा वेळा, दिवसातून सहा-आठदा. एकदाच पन्नास वेळा करून काही मिळत नाही. दोन-तीन दिवसांत कळ वर सरकली नाही तर हा व्यायाम तुझ्यासाठी नाही, फिजिओथेरपिस्टला दाखव. उतारवयात मणक्यातली पोकळी अरुंद झालेल्या माणसाला याच्या नेमकं उलट, पुढे वाकल्यावर बरं वाटतं. म्हणून हा व्यायाम घरात सगळ्यांना वाटत फिरू नकोस.

झोपून मात्र राहू नकोस. फार असह्य असेल तर एखादा दिवस ठीक, पुढे पडून राहण्याने स्नायू ढिले पडतात. गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळपास नसतातच, तिचं पोषण हालचालीतूनच आत झिरपतं. दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्याच्या दोन-तीन फेऱ्या मार. शेक घे, पंधरा-वीस मिनिटं. पट्टा लावायचाच तर गरजेपुरता.

सकाळी जप. रात्रभर पाणी शोषून गाद्या टम्म फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर पुढे वाकणं महागात पडतं. मोजे घालताना वाकू नकोस, पाऊल गुडघ्यावर घे. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळ, पाय खाली सोड, मग हाताने रेटून बस. शिंक आली तर भिंतीला किंवा टेबलाला हात टेकून शिंक.

खुर्चीबद्दल लोक फार बोलतात. कंबरेच्या खोलगटात टॉवेलची गुंडाळी, पावलं टेकलेली, संगणकाच्या पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला, एवढं पुरे. लॅपटॉप असेल तर कीबोर्ड वेगळा हवाच, नाहीतर एकतर मान झुकते किंवा खांदे वर चढतात. पण उत्तम खुर्चीतही अर्ध्या तासाने उठलंच पाहिजे.

मानेचंही थोडं. डोकं साडेचार-पाच किलोचं असतं, ते पुढे झुकलं की मानेमागच्या स्नायूंवर ताण वाढतो. हनुवटी वरखाली न करता सरळ मागे ओढ, पाच सेकंद धर, सोड. दहा वेळा. कुशीवर झोपताना उशी खांद्यापासून कानापर्यंतची पोकळी भरेल इतकी जाड हवी.

आता जे टाळायचं नाही ते. लघवी होईना किंवा कळेना, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, दोन्ही पाय लटपटू लागले, यातलं एक जरी झालं तरी त्याच तासाला रुग्णालयात. उद्यावर ढकललेल्या नसा कधीकधी परत येत नाहीत. ताप, कारणाशिवाय वजन घटणं, पडल्यानंतर सुरू झालेली किंवा रात्री कोणत्याही कुशीवर न थांबणारी कळ असेल तर लगेच डॉक्टरांकडे. हातांतून वस्तू निसटणं, बटणं न लागणं, चालताना तोल जाणं हे मानेतल्या मज्जारज्जूचे इशारे आहेत.

रोज एक परीक्षा मात्र घे. टाचांवर दहा पावलं चाल, मग चवड्यांवर दहा. तुझ्या जागेची गादी कंबरेतून पायात जाणाऱ्या पाचव्या नसेला त्रास देते आणि त्यात आधी पायाचा अंगठा व पाऊल वर उचलणं कमकुवत होतं, म्हणजे टाचांवर चालणं बिघडतं. तसं झालं तर माझ्या पत्राची वाट बघू नकोस, डॉक्टरांना फोन कर. नाहीतर येत्या रविवारी दोनच ओळी लिही: टाचांवर चालता येतंय का, आणि कळ आता कुठवर येते.

तुझी,
आई