फिल्टर धुण्याचे पाणी ‘वाया’ जात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाणीटंचाईमुळे आमच्या शहरात एक मागणी जोर धरते आहे : जलशुद्धीकरण केंद्रात फिल्टर धुऊन पाणी नाल्यात सोडतात, ते बंद करा. मी अशाच एका केंद्रातून फिल्टर ऑपरेटर म्हणून निवृत्त झालो. ही मागणी मान्य होऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

फिल्टरमध्ये तळाला खडीचे थर, त्यावर साठ-पंच्याहत्तर सेंटिमीटर बारीक वाळू आणि वर मीटर-दीड मीटर पाणी असते. ते स्वतःच्या वजनानेच वाळूतून खाली उतरते. नुसत्या वाळूने मात्र पावसाळ्यातला गढूळपणा जात नाही. आधी तुरटीने मातीच्या कणांचे पुंजके करावे लागतात. बरेचसे फिल्टरआधीच्या टाकीतच तळाला बसतात, उरलेले वाळूच्या कणांना चिकटतात. चिकटता चिकटता वाटा बुजतात आणि पाणी उतरेनासे होते. मापकावर हा अडथळा दोन मीटर उंच पाण्याच्या दाबाइतका दिसला की बेड, म्हणजे वाळूचा हा थर, धुवायलाच हवा. साधारण दिवसाआड किंवा रोज ती वेळ येते, पावसाळ्यात त्याहून लवकर.

धुताना आधी खालून ब्लोअरची हवा सोडतात. अख्खा बेड आधणासारखा खदखदतो आणि कण एकमेकांवर घासले जातात. मग पाणी उलटे, खालून वर. पन्हळीतून चहाच्या रंगाचा लोंढा निघतो. तो निवळेपर्यंत व्हॉल्व्ह बंद करायचा नाही, हे आम्हाला वरिष्ठांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. अर्धवट धुतलेल्या वाळूत चिखलाचे गोळे धरतात, बेडला भेगा पडतात आणि गढूळ पाणी थेट खाली उतरते. त्या गाळाच्या आड जंतू लपले की क्लोरीनही पुरते पोहोचत नाही. एवढे टाळायला लागते ते गाळलेल्या पाण्याच्या दोन-तीन टक्के पाणी!

तेही वाचवता येते. धुण्याचे पाणी टाकीत निवळवून पुन्हा केंद्राच्या तोंडाशी घ्यावे. नगरपालिकेने पैसे त्या टाकीवर घालावेत, आणि वाहून गेलेल्या वाळूची भर दरवर्षी तपासून घालावी. पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा भारतीय मानकाप्रमाणे १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजण्याचे एकक) आत हवा. प्रत्येक बेडचा रोजचा आकडा केंद्राच्या फाटकावर फळ्यावर लिहावा. नागरिकांनी तो मागावा.

आपला,
एक निवृत्त फिल्टर ऑपरेटर, सातारा जिल्हा