तीन तासांच्या कटऑफच्या आत फिनिश करूनही रिझल्टमध्ये डीएनएफ : हाफ मॅरेथॉनबद्दल तक्रार

प्रति,
रेस डायरेक्टर आणि कस्टमर सपोर्ट टीम

नमस्कार,

गेल्या रविवारी नाशिकला गंगापूर रोडवर तुमच्या कंपनीने घेतलेल्या हाफ मॅरेथॉनमध्ये मी पळाले. पूर्ण २१.१ किमी पळाले, तुम्हीच दिलेल्या तीन तासांच्या कटऑफच्या आत फिनिश लाइन ओलांडली, आणि तरी तुमच्या रिझल्ट पेजवर माझ्या नावासमोर डीएनएफ लिहिलंय. म्हणजे हिने रेस अर्धवट सोडली. हे खोटं आहे आणि ते तुम्ही दुरुस्त करावं म्हणून हे पत्र लिहितेय. सोमवारी तुमच्या सपोर्टला मेल केला होता, त्यावर दोन ओळींचं उत्तर आलं की कटऑफनंतर येणाऱ्या रनर्सना टायमिंग मिळत नाही. माझा मेल कोणी वाचलाच नाही असं वाटलं, म्हणून आता सगळं सविस्तर लिहिते.

रेसची वेळ सकाळी ६ ची होती. आम्ही सव्वापाचलाच मैदानावर आलो, वॉर्मअप झाला, ६ ला सगळे स्टार्टला उभे, आणि मग पाहुणे यायचेत म्हणून थांबवलं. परत झुंबा, परत स्पॉन्सरची भाषणं, शेवटी फ्लॅग ऑफ झाला ६:२७ ला. ही वेळ माझ्या मनाची नाही, तुमच्याच इन्स्टाग्रामवर फ्लॅग ऑफचा व्हिडिओ आहे, त्यात मागचं घड्याळ स्पष्ट दिसतंय. आता साधा हिशोब करा. तीन तासांचा कटऑफ म्हणजे ९:२७. पण तुमच्या टीमने फिनिशचे टायमिंग मॅट, म्हणजे ज्यांच्यावरून पळालं की वेळेची नोंद होते त्या पट्ट्या, ९ ला गुंडाळायला घेतले, म्हणजे फ्लॅग ऑफपासून २ तास ३३ मिनिटांत. मी ९:११ ला पोहोचले तेव्हा कमान होती पण तिच्याखाली मॅट नव्हते, घड्याळ नव्हतं, दोन माणसं वायरी गोळा करत होती. त्यांना विचारलं तर म्हणाले मॅडम पोलीस परमिशन ९ पर्यंतचीच होती, आम्हाला वरून सांगितलंय.

परमिशन ९ पर्यंतची होती हे मला मान्य आहे, पोलिसांबद्दल माझी काहीच तक्रार नाही, उलट सिग्नलवरच्या लोकांनी ९ नंतरसुद्धा आम्हाला हात दाखवून सांभाळून सोडलं. पण परमिशन ९ ची आहे हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं ना? मग ६ ला रेस सोडायला पाहिजे होती. पाहुण्यांसाठी घालवलेली २७ मिनिटं कोणाच्या खिशातून गेली? पहिल्या नंबरवाल्याच्या नाही, तो पावणेआठच्या आत आंघोळ करायला मोकळा झाला. ती गेली आमच्यासारख्या मागच्या लोकांच्या वाट्याची. आम्ही त्या २७ मिनिटांचे पैसे भरले होते.

आणि मी एकटी नव्हते. मी पूर्ण रेस तुमच्याच २:४५ च्या पेसरबरोबर पळाले, म्हणजे २ तास ४५ मिनिटांत रेस पूर्ण होईल अशा वेगाने लोकांना घेऊन पळणाऱ्या रनरबरोबर, तो मुलगा खांद्याला झेंडा लावून किलोमीटरला ७ मिनिटं ४९ सेकंदांच्या पेसने आम्हाला इतकं व्यवस्थित घेऊन आला की मी त्याचं मनापासून कौतुक करते. आम्ही शेवटी त्याच्यासोबत नऊ-दहा जण उरलो होतो, घड्याळात २ तास ४४ मिनिटं. तुम्ही त्याचा रिझल्ट बघा. त्यालाही डीएनएफ दिलंय. कंपनीने नेमलेला पेसर दिलेल्या वेळेच्या एक मिनिट आधी येतो आणि कंपनीच्याच रेकॉर्डमध्ये त्याने रेस सोडलेली असते, यावरून तरी तुमच्या कोणाच्या तरी लक्षात यायला पाहिजे होतं की चूक रनरची नाही.

चिपमध्ये काही रेकॉर्ड नाही असं तुम्ही म्हणाल तर ते बरोबरच आहे, कारण बिबच्या, म्हणजे छातीवरच्या नंबरच्या कागदाच्या, मागे चिकटवलेल्या त्या पट्टीत ना बॅटरी असते ना घड्याळ, मॅटमधला अँटेना ती वाचतो आणि वेळ त्याला जोडलेल्या मशीनमध्ये पडते. मॅटच उचलला तर नोंद होणार कुठे. पण स्टार्टच्या मॅटवर माझी नोंद आहे, सावरगावच्या बाजूला जिथे यू टर्न होता तिथल्या १०.५ किमीच्या मॅटवर १ तास १९ मिनिटांची नोंद आहे, दोन्ही तुमच्याच पेजवर दिसतात. त्यापुढचं माझ्या घड्याळाच्या जीपीएस फाइलमध्ये आहे, आणि तुमच्या फोटोग्राफरने कमानीखाली काढलेल्या आमच्या फोटोत आहे. त्या फोटोला वेळ असतेच. म्हणजे दुरुस्त करायचं ठरवलं तर पुरावा भरपूर आहे.

आता पाण्याबद्दल, कारण हे रिझल्टपेक्षा गंभीर आहे. तुमच्या माहितीपत्रकात दर अडीच किलोमीटरला पाणी लिहिलं होतं. जाताना होतंही, छान होतं, कॉलेजची मुलं ग्लास हातात देत होती, ओरडून हुरूप देत होती. यू टर्नलाही मिळालं. परत येताना गोवर्धनच्या टेबलवर रिकामे जार आडवे पडलेले, एक मुलगी बिचारी रडवेली होऊन सॉरी ताई सॉरी ताई म्हणत होती. गंगापूर गावाच्या टेबलवर तर कोणीच नाही, नुसते चुरगळलेले ग्लास. रोड रेसच्या आंतरराष्ट्रीय नियमातसुद्धा साधारण दर पाच किलोमीटरला पाणी असावं असं आहे, आम्हाला यू टर्ननंतर सोमेश्वरपर्यंत तुमच्याकडून एक थेंब मिळाला नाही. तिथे एका चहाच्या टपरीवाल्या काकांनी स्वतःच्या पिंपातलं पाणी आम्हाला जगमधून वाढलं आणि पैसे विचारले तर रागावले.

किती पाणी लागतं हे काय फार अवघड गणित नाहीये. एका रनरला एका टेबलवर २०० मिली धरा, हजार रनर असतील तर २०० लिटर, म्हणजे २० लिटरचे दहा जार, आणि पुढची पोरं एक ग्लास पितात आणि एक डोक्यावर ओततात म्हणून त्याच्या दीडपट तरी ठेवायला पाहिजेत. आणि जाता-येता एकच टेबल वापरायचं असेल तर परत दुप्पट. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार, हा तुमचा धंदा आहे.

सीझनच्या सुरुवातीच्या रेसला तर हे जास्तच बघायला हवं. आपल्याकडे सगळा पावसाळा लोक ढगाळ हवेत, रिमझिम पावसात ट्रेनिंग करतात, मग सप्टेंबरमध्ये एकदम स्वच्छ ऊन पडतं आणि हवेत दमटपणा तसाच असतो, घाम येतो पण सुकत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात. जो दीड तासात संपवतो तो आठच्या आत सावलीत बसलेला असतो, जो पावणेतीन तास रस्त्यावर असतो त्याच्या डोक्यावर साडेआठ-नऊचं ऊन असतं. म्हणजे ज्याला पाण्याची आणि मीठ-साखरेची सगळ्यात जास्त गरज त्याच्यासाठीच ते संपलेलं. आमच्या पुढे एक गृहस्थ आनंदवलीच्या अलीकडे गरगरून रस्त्याच्या कडेला बसले, हाक मारायला ना अँब्युलन्स ना मागे राहिलेल्यांना उचलून आणणारी स्वीप व्हॅन, शेवटी एका दूधवाल्याने त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून मैदानावर आणलं. ते ठीक आहेत, मी फोन करून विचारलं. पण ते ठीक आहेत यात तुमच्या कंपनीचा काहीही वाटा नाही. आणि तोपर्यंत बॅरिकेड काढलेले, रविवारची धरणाकडे जाणारी गाड्यांची रांग सुरू झालेली, आम्ही पांढऱ्या पट्टीच्या बाहेर खडीवरून पळत होतो.

मेडल हाफची संपली म्हणून ५के, म्हणजे पाच किलोमीटरच्या रेसचं, लिहिलेलं दिलं. पोहे संपले होते. त्याचं सोडून देते.

माझ्याबरोबर आमच्या ग्रुपमधल्या दोघी पहिल्यांदाच हाफ पळत होत्या. एक जण पन्नाशीची आहे, घरचं सगळं आवरून पहाटे साडेचारला पळायला येते, जून ते ऑगस्ट भर पावसात एक रविवार चुकवला नाही तिने. जानेवारीत मुंबईची रेस असते त्याआधी आपल्याला जमतं का ते बघू म्हणून आम्ही मुद्दाम सीझनची ही पहिली रेस निवडली, तीन तासांचा कटऑफ आहे म्हणूनच निवडली. संध्याकाळी तिच्या मुलाने रिझल्ट उघडला आणि विचारलं आई तू मध्येच सोडलीस का. तिला काय वाटलं असेल याचा तुम्ही खरंच विचार करा. आम्ही पोडियमवर कधी येणार नाही, आम्हाला बक्षिसाची रक्कम नको, पण फी आम्हीही तीच भरतो, १,२०० रुपये आणि वर कन्व्हिनियन्स फी, आणि तुमच्या रेसमध्ये गर्दी दिसते ती आमचीच असते.

तर माझं म्हणणं असं आहे की ९:२७ पर्यंत जे जे फिनिशला आले त्या सगळ्यांना मेल करून त्यांच्या घड्याळाच्या फाइल मागवा, फोटोंच्या वेळा तपासा, आणि रिझल्टमध्ये त्यांना फिनिशर म्हणून वेळेसकट दाखवा, त्या दोघींना आधी. हाफची मेडल कुरियरने पाठवा. फी परत करायची की नाही हे मी इतरांवर सोडते, मला माझी परत हवी आहे कारण पाणी, अँब्युलन्स आणि टायमिंग या तीन गोष्टींसाठीच ती भरली होती. आणि पुढच्या रेसच्या नियमांत लिहा की कटऑफ प्रत्यक्ष फ्लॅग ऑफपासून मोजला जाईल आणि पाहुणे आले नाहीत तरी रेस वेळेवर सुटेल.

फॉर्मवर नॉन रिफंडेबलवर टिक केलंय हे मला माहीत आहे. पण ती टिक मी रेस पळाले नाही तर, यासाठी होती, तुम्ही सेवा दिली नाही तर, यासाठी नव्हती. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतल्या त्रुटीची तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर त्याला फीसुद्धा लागत नाही. १५ दिवसांत माणसाने लिहिलेलं उत्तर आलं नाही तर आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग आयोगाकडे जाईन, पेसर मित्रासकट आम्ही सगळे सही करणार आहोत.

सोबत बिबचा फोटो, दोन्ही मॅटच्या वेळांचा स्क्रीनशॉट, जीपीएस फाइल, पेमेंटची पावती आणि रिकाम्या टेबलांचे फोटो जोडलेत. फोन करायचा असेल तर संध्याकाळी सातनंतर करा.

आपली,
हाफ मॅरेथॉनची एक स्पर्धक, नाशिक