‘नंतर सांगतो’ म्हणू नकोस

लातूर,
येळवशीनंतरचा रविवार

प्रिय बालाजी,

परवा येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या पूजेला आलो होतो तेव्हा तुझ्या शेतातून निघताना तुझ्याशी बोलायचं होतं, पण माणसांच्या गर्दीत राहून गेलं. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसलोय. पत्र वहिनींनाही वाचून दाखव आणि जमलं तर काकू-तात्यांनाही.

भज्जी, आंबील, खीर, सगळं पोटभर झालं. कोपीत पंगत बसली होती आणि तुझी छकुली मेढीला टेकून बसली होती. तुझ्या मेव्हण्यानं काहीतरी गंमत सांगितली, सगळे हसले. छकुलीपण हसली, पण जरा उशिरा. आधी तिनं प्रत्येकाचं तोंड बघितलं, मग हसली. मग वहिनींचा पदर ओढून हातानं विचारलं, काय झालं? वहिनी म्हणाल्या, "काही नाही, नंतर सांगते." त्यानंतर मी लक्ष ठेवून होतो. दुपारभरात तीनदा असं झालं. नंतर कुणीच काही सांगितलं नाही.

वहिनींना मी दोष देत नाही. त्यांचा जीव त्या लेकरात किती आहे ते मला माहीत आहे. पण ऐकू न येणाऱ्या लेकरावर नुसता जीव असून भागत नाही रे, भाषा लागते.

आमच्या घरात हेच पस्तीस वर्षं चाललं. आक्का जन्मतः बहिरी. घरात आठ-दहा हातवारे होते: जेव, ये, पाणी, झोप, आणि दादांसाठी मिशीवर बोट. तेवढ्यावर आम्ही निभावून नेलं. "आमच्या आक्काला सगळं कळतं" असं आई पाहुण्यांना कौतुकानं सांगायची. दादांना कॅन्सर झाला, सात महिने दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या, घरात रोज त्याचंच बोलणं. आक्काला एवढंच ठाऊक की दादा आजारी आहेत. ते बरे होणार नाहीत हे गल्लीतल्या किराणा दुकानदाराला माहीत होतं, तिला नव्हतं. एका सकाळी अंगणात माणसं जमली आणि तिला एकदम पांढरी चादर दिसली.

मी खुणांची भाषा शिकलो ती त्यानंतर. दादांना जाऊन चार वर्षं झाल्यावर एका रात्री आक्कानं मला समोर बसवलं आणि विचारलं. दादांना काय झालं होतं? कुठं? फार दुखायचं का? तुम्हाला कधी कळलं? मला का नाही सांगितलं? रात्री दोनपर्यंत आम्ही बोलत होतो. चार प्रश्नांची उत्तरं दिली. पाचव्याचं माझ्याकडं नव्हतं, अजूनही नाही.

तिच्या शाळेतही तेच. खुणा केल्या की हात मागं बांधून बसवायचे, ओठ बघा आणि बोला म्हणायचे. 1880 साली इटलीतल्या मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि मुलांना खुणांनी नव्हे, तोंडी बोलूनच शिकवायचं असं तिथं ठरलं. त्याचा वळ शंभर वर्षांनी आमच्या आक्काच्या हातावर उठला. छकुलीचं नशीब चांगलं. तिच्या वसतिगृहातली पोरं मोकळेपणानं हातांनी बोलतात. पण सुट्टीत घरी आली की तिच्याशी बोलायला कुणी नाही.

तात्या म्हणाले, "हातानं बोलायची सवय लागली तर तोंडानं कशी बोलंल?" काळजी खरी आहे, पण तसं होत नाही. खुणांमुळे बोलणं खुंटत नाही. उलट एक भाषा मनात पक्की बसली की तिच्या आधारानं दुसरी येते, वाचायला-लिहायलाही सोपं जातं. कानाचं मशीन चालूच ठेवा, त्याचं आणि खुणांचं भांडण नाही. आणि ओठ वाचण्यावर फार भरवसा ठेवू नकोस. आरशासमोर उभा राहा आणि आवाज न काढता म्हणून बघ: पापा, बाबा, मामा. तिन्हीला ओठ सारखेच हलतात. त्यात तात्यांच्या तोंडात तंबाखू, काकू चुलीकडं तोंड करून बोलणार, संध्याकाळी लाईट गेलेली. लेकरानं काय काय ओळखायचं?

अवघड जाईल म्हणून भिऊ नकोस. या भाषेला स्वतःचं व्याकरण आहे आणि ते मराठी माणसाला परकं वाटत नाही. ‘काय’, ‘कुठं’, ‘कधी’ हे वाक्याच्या शेवटी येतात, आपण ‘तुझं नाव काय’ म्हणतो तसे. ‘नाही’सुद्धा शेवटीच. हो-नाहीचा प्रश्न असेल तर भुवया वर जातात, म्हणजे चेहराही व्याकरणाचाच भाग. मुळाक्षरं इंग्रजीची आहेत, दोन्ही हातांनी करायची. दिल्लीत 2015 साली भारतीय सांकेतिक भाषेचं सरकारी संशोधन-प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. त्यांच्या कोशाची 2021 मधली आवृत्ती 10,000 शब्दांची आहे. त्याचे व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहेत, ‘साईन लर्न’ नावाचं ॲपही आहे. रोज रात्री जेवणानंतर पाच शब्द घ्या. पण कोशातली खूण आणि छकुलीची खूण वेगळी निघाली तर छकुलीची खरी धरा. भागाभागात खुणा बदलतात, आपल्याकडं बोली बदलते तशा. आणि तिलाच मास्तरीण करा. घरात तिला पहिल्यांदाच सगळ्यांपेक्षा जास्त येतंय असं होईल.

फक्त एकट्या वहिनींवर टाकू नकोस. आमच्याकडं आधी तसंच झालं, मी एकटा शिकलो आणि आक्काचा दुभाषा होऊन बसलो. मी घरी नसलो की तिचं बोलणं बंद. मग आई शिकली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी. एकदा भाकरी थापता थापता थांबली, पीठ भरलेले हात तसेच वर उचलले, भुवया उंचावल्या आणि आक्काला विचारलं, दमलीस का? एवढंच. आक्का उठली आणि आईला बिलगली. तव्यावरची भाकरी करपली, कुणी उलथली नाही.

आता जे सांगायला हे पत्र लिहितोय ते सांगतो. संध्याकाळी कडब्याची पेंढी पेटवून तुम्ही शेताभोवती धावत होता तेव्हा छकुली माझ्याजवळ उभी होती. तिनं मला विचारलं, आग कशाला फिरवतात? मला येत होतं तेवढं सांगितलं आणि म्हटलं, शेत पप्पांचं आहे, त्यांना विचार, ते नीट सांगतील. तिनं लांब पळणाऱ्या तुझ्याकडं बघितलं आणि मला सांगितलं, "पप्पांना येत नाही." तक्रार म्हणून नाही, बालाजी. पप्पांना पोहायला येत नाही म्हणावं, इतक्या सहज.

संक्रांतीला ती घरी येईल. तोवर दोन-अडीच आठवडे आहेत. येळवशीचं तिला तूच सांग. आग, काळी आई, ज्वारी, पूजेतले पांडव, एवढे शब्द आधी काढून ठेव. अडलास तर व्हिडिओ कॉल कर, मी आणि आक्का रात्री नऊनंतर मोकळेच असतो.

आम्ही दोघं संक्रांतीला तुमच्याकडं जेवायला येतोय. आक्कानं निरोप दिलाय: पंगतीत तिला छकुलीच्या शेजारी बसवू नका, समोर बसवा, आणि दिवा दोघींच्या हातांवर पडेल असा लावा.

तुझाच,
माधव