आकाशराणीच्या पोळ्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील प्राचीन इस्राएलवरच्या लेखात अशेरा देवीची उपासना म्हणजे ‘कनानी लोकांकडून शिरलेली अनाचारी पूजा’ असे म्हटले आहे. आमच्या घरी रोज संध्याकाळी बायबल वाचले जायचे, त्यामुळे हे नाव मी लहानपणापासून ऐकत आले. लेखातल्या ‘शिरलेली’ आणि ‘अनाचारी’ या दोन्ही शब्दांना माझी हरकत आहे.

‘अनाचारी’चे आधी बघू. या देवीपूजेवर यिर्मया संदेष्ट्याइतके क्वचितच कोणी संतापले असेल. पण त्याच्याच ग्रंथाच्या ७व्या अध्यायात दिसते ते असे: मुले लाकडे गोळा करतात, बाप विस्तव पेटवतात, बायका कणीक मळतात आणि आकाशराणीसाठी पोळ्या करतात. (ही राणी म्हणजे अशेरा की अश्तोरेथ ही दुसरी कनानी देवी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.) हे एका घरातल्या सणाचे चित्र आहे. बायबलमधल्या ‘२ राजे’ या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात यरुशलेमच्या मंदिराच्या आवारात बायका अशेरेसाठी वस्त्रे विणतात. त्या ओळीत भाषांतरकार वेश्यावृत्तीचा शब्द घालतात खरा, पण मूळ हिब्रू शब्द ‘पवित्र’ याच धातूतून आलेला आहे आणि देवळातल्या वेश्याव्यवसायाचा भक्कम स्वतंत्र पुरावा मिळालेला नाही.

आता ‘शिरलेली’. सीरियातील रास शामरा इथे १९२९पासून झालेल्या उत्खननात उगारित नगरातल्या मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांत अथिरत (अशेरेचेच तिथले नाव) ही एल या प्रमुख देवाची पत्नी आणि ७० देवांची आई आहे. तेव्हा ती मूळची कनानी हे मान्यच. पण राजांच्या काळात सामान्य इस्राएली माणसाला ती परकी वाटत होती का? सिनाईच्या वाळवंटातील कुंतिलेत अजरूद इथे १९७५-७६ मध्ये मोठे रांजण सापडले, सुमारे इ.स.पू. ८०० मधले. त्यांवर आशीर्वाद लिहिला आहे: ‘शोमरोनचा याहवे आणि त्याची अशेरा’. (याहवे हे इस्राएलच्या देवाचे नाव, शोमरोन ही उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी.) हेब्रोनजवळच्या खिर्बेत अल-कोम येथील थडग्यातही याहवे आणि ‘त्याची अशेरा’ अशीच जोडी आहे. इथे अशेरा म्हणजे देवी की तिचा लाकडी खांब, हा वाद चालू आहे आणि हिब्रू व्याकरण पाहता तो रास्तही आहे. पण दोन्ही अर्थांनी ती याहवेच्याच आशीर्वादात बसलेली आहे. शत्रूच्या देवीचे नाव कोणी आपल्या थडग्यावर असे कोरत नाही.

बायबलही हेच सांगते. इस्राएलच्या येहू राजाने शोमरोनात बआल या कनानी देवाचे मंदिर पाडले, त्याच्या पुजाऱ्यांना ठार केले. तरी पुढे त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत ‘शोमरोनात अशेरा उभीच होती’ अशी नोंद २ राजे १३ मध्ये आहे. मला ही छोटी ओळ फार महत्त्वाची वाटते. बआलाचा कट्टर वैरी असलेल्या राजाच्या घराण्यालाही अशेरा खटकली नाही. तिला यरुशलेमच्या मंदिरातून काढून किद्रोन ओढ्यापाशी जाळले आणि तिची राख केली ती योशिया राजाने, सुमारे इ.स.पू. ६२२ मध्ये. परमेश्वराच्या मंदिरातून काढावी लागली, म्हणजे तोवर ती तिथेच होती.

एकेश्वरवादावर माझी श्रद्धा आहे आणि योशियाने चूक केली असे मी म्हणत नाही. पण यरुशलेम पडल्यावर इजिप्तमध्ये आश्रय घेतलेल्या बायकांनी यिर्मयाला तोंडावर दिलेले उत्तर ४४व्या अध्यायात आहे. तिला धूप जाळत होतो तेव्हा पोटभर खायला होते, काही अरिष्ट नव्हते. ते बंद केले आणि तलवार व दुष्काळाने आमचा नाश झाला. आणि आमच्या नवऱ्यांना न सांगता का आम्ही तिच्यासाठी पोळ्या केल्या? तिचा निषेध करणाऱ्या ग्रंथानेच त्यांचे हे बोलणे जपून ठेवले आहे. आपल्या लेखात निषेध पानभर आला आणि त्यांचे उत्तर गाळले गेले. पुढच्या रविवारी त्या उत्तराला जागा द्यावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर