खारेपाटणच्या मठाची जमीन शोधा: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट आमच्या खारेपाटणात एका ब्राह्मणाच्या घरी सापडला आणि बाळशास्त्री जांभेकरांनी तो प्रथम प्रसिद्ध केला. 'दर्पण'कार म्हणून बाळशास्त्री सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांचं हे काम मात्र इथल्या शाळेतल्या पोरांनाही कुणी सांगत नाही.

ताम्रपट शके 930 च्या ज्येष्ठ पौर्णिमेचा, म्हणजे इ.स. 1008 चा. रट्टराजाने कुष्मांडी, असनवीर आणि वडंगुल ही गावं आपले गुरू आत्रेय यांना दिली. आत्रेय हे अंभोजशंभूंचे शिष्य, मत्तमयूर या शैव परंपरेतल्या कर्करोणी शाखेचे. दान कशासाठी, तेही कोरलेलं आहे: अव्वेश्वर या शिवाच्या देवळातली पूजा, देवळाची डागडुजी आणि तपस्व्यांचं अन्नवस्त्र. वर परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक गद्याण, म्हणजे त्या काळचं सोन्याचं नाणं. तेली, माळी, कुंभार, परीट यांची घरंही दानात आली. त्यांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

हजार वर्षांपूर्वी एक मठ कशावर चालायचा, त्याच्या उत्पन्नाची ही यादी. एवढा तपशील हाती असताना आपण ताम्रपट वाचतो तो बहुतेक वंशावळीपुरता. कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाचा मांडलिक. गुरूंना पोसणाऱ्या शिवाराकडे कुणी बघत नाही.

मध्य प्रदेशात सुरवाया, रणोद इथे याच परंपरेचे दगडी मठ अजून उभे आहेत. कोकणात लाकूड आणि जांभा चिरा पावसापुढे किती टिकणार? टिकतात ते बांध, तळी, पाणंदी आणि शेतांची जुनी नावं. सातबाऱ्यावर आपण बघतो तो सर्व्हे नंबर. नावं म्हाताऱ्यांच्या तोंडी. त्यातली रोज थोडी जातात, आणि बागांसाठी उतार कापणारा जेसीबी बांधही ठेवत नाही.

तेव्हा एवढंच करा. पुरातत्त्व संचालनालय आणि भूमी अभिलेख खात्याला एकत्र बसवा. ताम्रपटाचा पाठ आणि जुने गावनकाशे शेजारी ठेवा, मग भातकापणी झाली की माणसं शिवारात पाठवा. सोबत तलाठी असू दे, पण जुनी नावं विचारायची ती गुरवाला, कुळांना, गुरं राखून म्हातारे झालेल्यांना. ताम्रपटाचा सोप्या मराठीतला पाठ ग्रामपंचायतीत लावा. त्यात तेली, माळी, कुंभार, परीट वगळू नका.

आणि एक विनंती. पहिल्याच दिवशी कुणाच्या बांधावर संरक्षित स्मारकाची नोटीस चिकटवू नका. जमीन जाईल या भीतीने लोक कोरीव दगड रातोरात गाडतील. आधी नोंद करा, नकाशा काढा, जमीनमालकाला त्याची प्रत द्या. पुढचं त्याच्याशी बोलून ठरवा.

कळावे,
खारेपाटण परिसरातला एक शेतकरी