रविवारी उजनीला बोट नेणाऱ्यांसाठी

सभासदहो, शनिवारीच ट्रेलरच्या बेअरिंगला ग्रीस भरून घ्या. सोलापूर-टेंभुर्णी पळून तापलेला हब (बेअरिंग बसतं तो चाकाचा मधला भाग) तसाच गार पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. पुढे बेअरिंग गेलंच समजा. म्हणून काठावर आधी निवांत चहा, मग ट्रेलर पाण्यात. सेफ्टी चेन हुकाखालून फुली मारून अडकवा. बोटीच्या तळाचं बूच हाताने चाचपून बघा, ‘बसवलं होतं की’ चालणार नाही.

लाइफ जॅकेट अंगावरच हवं. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी दरम्यान वादळात बोट उलटून सहा जण गेले. वारा उठला तर कटला मासा गळाला असला तरी दोरा कापा, काठ गाठा. मच्छीमारांच्या जाळ्यांपासून लांब राहा. जाळं फाटलं तर भरपाई ज्याची त्याने द्यायची.